एक क्विंटल कापूस, एक खोली, तीन आठवडे

जळगावातील ज्या कलादालनाने मला प्रकल्पासाठी जागा दिली, त्याच्या रस्त्याकडच्या मोठ्या दालनात नेहमीची प्रदर्शने भरतात. चित्रे भिंतीवर लागतात, काही विकली जातात आणि आठवड्याने उतरतात. मागच्या बाजूला, जिन्याला लागून, साधारण बारा फूट रुंद आणि पंधरा फूट लांब अशी एक खोली आहे. ती लघुप्रकल्पांच्या मालिकेसाठी राखून ठेवलेली असते. मालिकेचे नियम मोजके आहेत: एका वेळी एकच कलावंत आणि एकच कल्पना, मांडणीसाठी एक आठवडा आणि प्रदर्शनासाठी तीन आठवडे. खोलीतील कोणतीही गोष्ट विकायची नाही, साहित्याचा खर्च ठरावीक मर्यादेपर्यंत दालन करणार आणि मुदत संपल्यावर खोली जशी मिळाली तशी परत द्यायची. या मालिकेत मी 'एक क्विंटल' नावाचा प्रकल्प केला. प्रस्तावापासून खोली परत करेपर्यंतची त्याची हकिकत मी सविस्तर लिहीत आहे, कारण कलाशिक्षण पुरे करून खान्देशात परतलेल्या मुलामुलींना अशा संधी आपल्याकडेही असतात हे पुष्कळदा ठाऊक नसते, आणि ठाऊक झाले तरी त्यात प्रत्यक्ष काय काय करावे लागते याची कल्पना नसते.

प्रस्तावाचा नमुना दोनच पानांचा होता. कल्पना, साहित्य, अंदाजपत्रक आणि खोलीचा कच्चा आराखडा एवढे पहिल्या पानावर मावले. दुसऱ्या पानावर एकच प्रश्न होता: हे काम तीन आठवड्यांसाठीच का करायचे? कायमचे किंवा वर्षभराचे काम येथे छोटे करून मांडू नये, असे त्याखाली बारीक अक्षरात लिहिले होते. या प्रश्नाचे उत्तर लिहायला मला बाकी सर्व प्रस्तावापेक्षा अधिक वेळ लागला आणि पुढचे सगळे निर्णय त्या उत्तरातूनच निघाले.

अशा मालिकांचा इतिहास मी त्या निमित्ताने वाचला. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९७१ मध्ये 'प्रोजेक्ट्स' ही मालिका सुरू केली. हार्टफर्ड येथील वॉड्सवर्थ अथेनियमची 'मॅट्रिक्स' मालिका १९७५ पासूनची, तर लॉस एंजेलिसच्या हॅमर म्युझियमची मालिका १९९९ पासूनची. यांमागचे कारण समजण्याजोगे आहे. मोठ्या संग्रहालयाचे मोठे प्रदर्शन ठरवायला, वस्तू मागवायला आणि विमा उतरवायला वर्षे लागतात. तेवढ्या काळात कलावंताच्या मनातली ताजी गोष्ट शिळी होते, आणि ज्याचे नाव अजून झालेले नाही अशा कलावंतावर एवढा खर्च करायला संस्था कचरते. एक लहान खोली आणि थोडी मुदत एवढेच द्यायचे ठरले, की संस्थेला धाडस करणे परवडते. मुंबईत भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय जीर्णोद्धारानंतर २००८ मध्ये पुन्हा खुले झाले आणि त्यानंतर तेथे आजच्या कलावंतांना संग्रहातील जुन्या वस्तूंना प्रतिसाद म्हणून नवे काम करण्यासाठी बोलावले जाऊ लागले. १८७२ च्या त्या इमारतीत जुन्या कपाटांच्या शेजारी नवी मांडणी पाहिली, तेव्हा थोड्या मुदतीचे काम जुन्या वास्तूलाही बोलते करू शकते हे मला पहिल्यांदा पटले होते.

परंतु माझ्या उत्तरासाठी मला इतके दूर जावे लागले नाही. डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या फैजपूरला काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. तेव्हा गांधीजींच्या सांगण्यावरून शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस येथे आले आणि त्यांनी व वास्तुकार म्हात्रे यांनी बांबू आणि खेड्यात मिळणाऱ्या इतर साहित्यातून टिळकनगर सजवून उभे केले. अधिवेशनापुरते उभारलेले ते नगर अधिवेशनाबरोबर उतरले. चाळीसगावला रेल्वे स्टेशनजवळच्या आपल्या घरात आयुष्य काढलेले छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) घरातल्या लहानसहान वस्तू टेबलावर मांडून त्यातून आख्खा देखावा रचीत आणि त्याचे छायाचित्र काढीत. मांडणी टेबलावर घटकाभर टिकली तरी पुरे होई. आणि भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत घरोघरी बसणारी मातीची गुलाबाई तर आम्ही सगळ्या मुलींनी बसवली आणि बोळवलीही आहे. ठरावीक मुदतीसाठी मन लावून काही उभे करायचे आणि मुदत संपली की ते नि:संकोच उतरवायचे, हे खान्देशातल्या माणसाला कोणी शिकवण्याची गरज नाही. प्रस्तावाच्या दुसऱ्या पानावर मी एवढेच लिहिले, की कापूस शेतकऱ्याच्या घरात फार दिवस राहत नाही. वेचणी झाली की तो ओट्यावर किंवा एखाद्या खोलीत साठतो, भावाची वाट पाहतो आणि जातो. त्या मुक्कामाइतकाच काळ तो दालनात राहावा आणि मग पुढे जावा.

कल्पना मूळची साधी होती. आमच्याकडे कापसाचा भाव क्विंटलवर बोलला जातो. शाळेतल्या मुलालाही आजचा भाव ठाऊक असतो, मात्र एक क्विंटल कापूस म्हणजे नेमके काय, त्यात रुई किती, सरकी किती, ती किती जागा व्यापते, हे वेगळे करून पाहण्याचा प्रसंग शेतकऱ्याच्या घरातही येत नाही, कारण कापूस अखंड विकला जातो आणि त्याची फोड पुढे जिनिंगमध्ये, म्हणजे कापसाचे तंतू (रुई) आणि बी (सरकी) वेगळे करणाऱ्या कारखान्यात, होते. ती फोड एका खोलीत, डोळ्यांनी मोजता येईल अशी मांडायची, एवढेच मला करायचे होते. निवडीच्या वेळी दालनाच्या संयोजक ताईंनी विचारले, की यात कलावंत म्हणून तुम्ही काय करणार. मी सांगितले, की मापे आणि उजेड हे दोन निर्णय माझे असतील आणि बाकी सगळे कापूस सांगेल. त्यांना हे उत्तर अपुरे वाटले. मी घरी जाऊन कागदावर भिंतींची मापे, जाळ्यांची जाडी आणि दिव्यांची उंची काढून दाखवली तेव्हा त्यांचे समाधान झाले. प्रस्ताव लिहिणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन, की भूमिका कितीही खरी असली तरी ती आराखड्यात दिसली पाहिजे.

कापूस ओळखीच्या शेतकरी दादांकडून त्या दिवशीच्या बाजारभावाने घेतला. मला दुसऱ्या वेचणीचा कापूस हवा होता, कारण पहिल्या वेचणीत ओल अधिक असते आणि शेवटच्या फरदडीत, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक शेतात ठेवून घेतलेल्या वेचणीत, किडका कापूस फार येतो. खरी अडचण जिनिंगची होती. तेथे एका वेळी शेकडो क्विंटलचा ढीग चालतो आणि एका क्विंटलसाठी कोणी यंत्र थांबवत नाही. एका जिनिंगच्या मालकांनी पाळी संपल्यावर एक यंत्र साफ करून त्यावर आमचा कापूस चालवायला परवानगी दिली. आपल्याकडे डबल रोलर जिन वापरतात: चामड्याच्या चकत्यांचे दोन रोलर तंतू ओढून घेतात आणि त्यांना टेकलेल्या पात्यामुळे सरकी अलीकडेच अडून खाली पडते. यंत्राजवळ उभे राहिले की अंगावर, केसांत, पापण्यांवर तूस बसते. तेथे रोज काम करणाऱ्या माणसांच्या छातीत ती किती जात असेल, हा विचार तेव्हा मनात आला तो अजून गेलेला नाही. वजनकाट्यावर रुई ३४ किलोंच्या किंचित वर भरली, सरकी ६३ किलोंच्या आसपास, आणि उरलेले म्हणजे पाल्याचा चुरा, माती आणि उडून गेलेली ओल. जिनिंगवाल्यांनी हा उतारा चांगला असल्याचे सांगितले. पाल्याचा चुरासुद्धा मी पिशवीत भरून घेतला, कारण शंभर किलोंचा हिशेब भिंतीवर पुरा दिसायला हवा होता.

आता सुरक्षेचा भाग आला, आणि नव्या कलावंतांनी तो मुद्दाम नीट वाचावा असे मला वाटते. मोकळी रुई एका ठिणगीने पेटते आणि ज्वाला पृष्ठभागावरून पाहता पाहता पसरते. विझल्यासारखी दिसली तरी ती आत धुमसत राहते. दालनाने प्रथम सुचवले, की गाद्यांच्या कापसाला लावतात तसे बोरिक अॅसिड रुईला लावावे, म्हणजे ती सहज पेटणार नाही. त्यात मला अडचण अशी दिसली, की हा कापूस प्रदर्शनानंतर पुढे जायचा होता आणि रसायन लावलेली रुई मग तिच्या मूळ वाटेवर राहिली नसती. बऱ्याच चर्चेनंतर असे ठरले, की रुई दोन बाजूंनी बारीक विणीच्या तारेच्या जाळीत बंद करायची, खोलीतील विजेची जोडणी पूर्ण काढून टाकायची, उजेड बाहेरच्या बोळातून खिडकीवाटे आणि दारावरच्या झरोक्यातून एलईडी दिव्यांनी आत घ्यायचा, दाराशी दोन अग्निशामक आणि वाळूच्या बादल्या ठेवायच्या, आणि खोली उघडी असेल तोवर तेथे एक माणूस सतत बसेल. खोलीत एका वेळी आठ माणसांपेक्षा अधिक कोणाला सोडायचे नाही, हेही ठरले.

सरकीचा प्रश्न निराळा होता. गुलाबी बोंडअळी जोडसरकीत, म्हणजे एकमेकींना चिकटलेल्या दोन दाण्यांच्या आत, सुप्तावस्थेत राहू शकते आणि तेथून बाहेर पडलेले पतंग पुढच्या हंगामाला घातक ठरतात. म्हणून खोलीच्या कोपऱ्यात एक कामगंध सापळा टांगला. मादीच्या गंधासारखा गंध असलेली गोळी त्यात असते आणि नर पतंग तिच्याकडे येऊन अडकतात. हा सापळा मी कलाकृतीचा भाग म्हणून ठेवला नव्हता. पण शेतकरी प्रेक्षक खोलीत शिरल्यावर आधी त्याकडे जात, त्यात काही पडले आहे का ते पाहत आणि मग भिंतींकडे वळत. त्यांचा तो क्रम पाहून मी सापळा शेवटपर्यंत जागचा हलवला नाही.

मांडणीचा आठवडा अतिशय श्रमाचा गेला. रुई जिनिंगमधून येते तेव्हा गुठळ्या असतात, म्हणून ती पिंजाऱ्याकडे नेऊन पिंजून घेतली. सुताराने साध्या लाकडाच्या चौकटी केल्या होत्या. प्रत्येक चौकटीत दोन इंच जाडीचा थर हाताने पसरायचा, दाबायचा नाही, कोपरे रिकामे राहू द्यायचे नाहीत आणि मग वरची जाळी ठोकायची. चौतीस किलो रुई अशा रीतीने खोलीच्या लागून असलेल्या दोन भिंती नऊ फूट उंचीपर्यंत भरून गेली. समोरच्या भिंतीशी मी तारेची एक रिकामी पेटी टांगली, लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी साधारण सोळा इंच. बाजारातली रुईची गाठ १७० किलोंची असते आणि आपली रुई तिचा पाचवा हिस्सा होते. दाबयंत्रात घातली असती, तर दोन भिंती व्यापणारी ही सगळी रुई त्या पेटीएवढ्या जागेत बसली असती. ही पेटी लावावी की नाही याबद्दल मी पुष्कळ विचार केला, कारण कलाकृतीत शिकवण्याचा सूर आलेला मला आवडत नाही. तरीही ती ठेवली, आणि ती ठेवली हे योग्यच झाले असे आजही माझे मत आहे: शेतातल्या हलक्या कापसाचे कारखान्यातल्या जड मालात रूपांतर कसे होते, ते त्या रिकामेपणातून कळत होते.

सरकी जमिनीवर एक इंच जाडीने पसरली. खोलीच्या निम्म्याहून थोडी कमी जमीन तिने घेतली आणि उरलेल्या जागेतून फळ्यांची वाट केली. उजेड पाठीमागून येत असल्यामुळे जाळीतल्या रुईत पाल्याचे बारीक कण उठून दिसत. लांबून पांढरी शुभ्र वाटणारी भिंत जवळ गेल्यावर ठिपक्यांनी भरलेली निघे. वेचणीच्या वेळी ओटीत बोंडाबरोबर पाला किती आला, यावरही कापसाची प्रत ठरते, म्हणून ते ठिपके म्हणजे वेचणाऱ्या हातांची खूण होती. त्याच हातांचा आवाज खोलीत असावा म्हणून वेचणीच्या वेळचे बायकांचे बोलणे मी ध्वनिमुद्रित केले होते. त्यांना आधी सगळे समजावून सांगितले, त्यांची संमती घेतली आणि बोलण्याच्या वेळेचे पैसे वेचणीच्या मजुरीइतके दिले. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे माझ्यासाठी थांबणे म्हणजे त्यांचे थेट नुकसान होते आणि ते त्यांच्यावर टाकणे मला मान्य नव्हते. अंदाजपत्रकात हा खर्च पहिल्यापासून लिहिलेला असावा, असा माझा आग्रह आहे.

दाराशेजारचा मजकूर ताईंनी ऐंशी शब्दांच्या आत मागितला आणि 'अवकाश', 'संवेदन', 'परिप्रेक्ष्य' हे शब्द त्यातून काढायला लावले. उरला तो हिशेब: किती कापूस, कोठला, त्यातून किती रुई, किती सरकी आणि तीन आठवड्यांनंतर हे सगळे कोठे जाणार.

उद्घाटनाला शहरातली नेहमीची मंडळी आली. त्यांनी आस्थेने पाहिले, पण मला खरा प्रेक्षक भेटला तो दुसऱ्या आठवड्यात, तोंडातोंडी वार्ता पसरल्यावर. एका रुई दलालांनी आत येताच एखादा झुबका ओढता येईल का असे विचारले. मी पाल्याच्या पिशवीजवळ ठेवलेल्या नमुन्यातली चिमूट दिली, तेव्हा त्यांनी दोन्ही अंगठ्यांत धरून तंतू ओढला, पुन्हा एकत्र जुळवून ओढला आणि लांबी सांगितली. शाळेची मुले आली तेव्हा त्यांच्यातल्या एकाने विचारले, की शेतकरी क्विंटलवर विकतो, तर पुढे रुई खंडीवर का विकतात आणि खंडी म्हणजे किती. खंडी ३५६ किलोंची, हे सांगितल्यावर त्याने तेथेच वहीत भागाकार मांडला आणि एक खंडी रुई निघायला साधारण साडेदहा क्विंटल कापूस लागतो असे उत्तर काढले. हा हिशेब मी माझ्या मजकुरात लिहिला नव्हता. त्याच्या परवानगीने ते पान आम्ही दाराशी लावले आणि पुढे अनेकांनी तेच पान सर्वांत अधिक वेळ वाचले.

ज्यांचे बोलणे मी ध्वनिमुद्रित केले होते त्या बायका एका संध्याकाळी आल्या. दालन बंद होण्याची वेळ होत आली होती, कारण शेतातून परतून, घरचे आवरून, वाहन पकडून येईपर्यंत अंधार पडतो. पहिल्यांदा त्या दाराशीच थांबल्या. फळ्यांवरून चालताना पायाखाली सरकी येऊ नये म्हणून त्यांनी लुगडी सावरली, कारण धान्य आणि सरकी तुडवायची नसते. त्यांतल्या सर्वांत वडील मावशी जाळीजवळ जाऊन म्हणाल्या, "हाऊ ते आपलाच कापूस शे." मग त्यांनी ठिपके पाहिले आणि हा पाला कोणाच्या ओटीतला असेल यावरून एकमेकींना चिडवायला सुरुवात केली. आवाज ऐकू येऊ लागला तेव्हा एकीने स्वत:चा आवाज ओळखला नाही, दुसऱ्या सगळ्यांनी ओळखला. बराच वेळ त्या रिकाम्या पेटीसमोर उभ्या होत्या. भिंतीवरचे सगळे एवढ्यात मावते हे त्यांना पटेना, म्हणून मी वजनाचा हिशेब सांगितला. मावशींनी तो ऐकून घेतला आणि विचारले, की मग याचा भाव वेचणाऱ्याला कोणत्या मापाने मिळतो. या प्रश्नाचे उत्तर माझ्या मांडणीत नव्हते. ते असायला हवे होते की नाही यावर मी अजून विचार करते आहे आणि माझे पुढचे काम त्याच प्रश्नावर असेल.

हे सर्व कला आहे का, असेही काहींनी विचारले, आणि प्रश्न प्रामाणिक होता. मी कोणाशी वाद घातला नाही. प्रत्येकाला खोलीत आणखी थोडा वेळ थांबायची विनंती केली. थांबलेल्यांपैकी काहींचे मत बदलले, काहींचे नाही. लघुप्रकल्पात तेवढे पुरेसे असते, कारण येथे कोणाला विकत घ्यायचे नसते आणि म्हणून कोणाला पटवायचेही नसते.

मुदत संपताना एक अनपेक्षित पेच उभा राहिला. रुई गादीवाल्याला आणि सरकी तेलघाण्याला द्यायची हे ठरलेलेच होते. पण खोलीतली वस्तू विकायची नाही असा नियम असताना त्या रुईचे पैसे घेणे ही कलाकृतीची विक्री ठरते का, असे दालनाच्या विश्वस्तांपैकी एकाने विचारले. बैठकीत दोन्ही बाजूंनी बोलणे झाले. शेवटी असे ठरले, की चौकट उघडून रुई पोत्यात भरली गेली त्या क्षणी कलाकृती संपली आणि पोत्यात आहे तो फक्त कापूस. म्हणून पावतीवर प्रकल्पाचे किंवा माझे नाव न घालता निव्वळ वजन आणि त्या दिवशीचा दर लिहायचा आणि रक्कम पुढच्या कलावंताच्या साहित्यखर्चात जमा करायची. हा निर्णय मला मनापासून योग्य वाटला. सरकी बोंडअळीच्या भीतीने तात्पुरतीही कोठे उघडी न ठेवता त्याच दिवशी घाण्यावर पोचवली. लाकडी चौकटी खोलीच्या मालकीच्या झाल्या. भिंतींवरची खिळ्यांची भोके पुट्टीने बुजवली, रंगाचा एक हात दिला आणि विजेची जोडणी पूर्ववत करून घेतली.

हिशेब देताना मी दालनाला एकच सूचना लेखी दिली. खोलीची वेळ सकाळी अकरा ते संध्याकाळी सात अशी आहे आणि त्या वेळेत शेतावर राबणारे, जिनिंगच्या पाळीवर असणारे, दुकानात बसणारे लोक येऊ शकत नाहीत. तीन आठवड्यांच्या प्रकल्पाला त्यांच्यासाठी पुन्हा संधी नसते, म्हणून प्रत्येक प्रकल्पात आठवड्यातून निदान दोन दिवस खोली रात्री साडेनऊपर्यंत उघडी ठेवावी आणि त्या वेळच्या देखरेखीचा खर्च अंदाजपत्रकातच धरावा. संयोजक ताईंनी एका दिवसाला मान्यता मिळवून दिली आहे. दुसऱ्या दिवसाचा खर्च पुढच्या बैठकीत मांडला जाणार आहे आणि त्या बैठकीसाठी लागणारा देखरेखीच्या खर्चाचा तपशील मी त्यांना लिहून दिला आहे.